तालमीचे फोटो: कपाटातून वेबसाइटवर

सोलापुरातल्या आमच्या गल्लीतली तालीम आता नावालाच तालीम. लाल मातीचा हौद बुजवून वर फरशी घातली त्याला बरीच वर्षं झाली. पण गणपती, लेझीम, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांतली धावपळ, कोणाच्या घरी मयत झालं तर खांदा द्यायला पुढं होणारी पोरं, हे सगळं अजून तालमीच्याच नावावर चालतं. पोरांच्या मनात आलं की तालमीची वेबसाइट काढायची आणि तिच्यावर गल्लीतले जुने फोटो टाकायचे. मी एका कर सल्लागाराच्या ऑफिसात कामाला आहे, दिवसभर हाताखाली स्कॅनर असतो, एवढ्या पात्रतेवर हे काम माझ्या गळ्यात पडलं. "ताई, तुमचं तर रोजचंच काम की ओ," म्हणत आमचे अध्यक्ष अण्णा फोटोंच्या पिशव्या टेबलावर ठेवून मोकळे झाले.

रोजचं काम ते नव्हतंच. ऑफिसात मी बँकेची स्टेटमेंट, खरेदीखतं, बिलांचे गठ्ठे फीडरमधून, म्हणजे स्कॅनरच्या कागद आपोआप ओढणाऱ्या तोंडातून, काढते. २०० डीपीआयला, म्हणजे इंचाला दोनशे ठिपके, आकडा वाचता आला की झालं, कागद परत फायलीत. फोटोला ही रीत चालत नाही, आणि चालवली तर काय होतं त्याचा नमुना माझ्याकडे आयताच आला. पोरांनी आधी एक पिशवी एका दुकानात देऊन बघितली होती. तिथल्या माणसानं सगळे फोटो फीडरमधून सरसर काढून पेन ड्राइव्ह हातात ठेवला. आतल्या काचेवर कुठंतरी धुळीचा कण बसलेला असणार. त्याची बारीक रेघ झाडून सगळ्या फोटोंवर वरून खालपर्यंत गेली होती. पैलवानाच्या छातीवरून, गणपतीच्या सोंडेवरून, नवरीच्या मुंडावळ्यांवरून, एकाच अंतरावर. रेघेचं एक वेळ काहीतरी करता आलं असतं. पण फोटो अल्बममधून उपसताना त्यांचा क्रम गेला तो गेलाच, आणि पाठीमागं काय लिहिलंय ते बघायची तसदी कोणी घेतली नाही. त्या पिशवीतले निम्मे चेहरे अजून बिननावाचे आहेत.

त्यावरून मी माझ्यापुरतं पक्कं केलं: सुटा फोटो फार कमी सांगतो. तो कोणाच्या घरातून आला, अल्बमच्या कोणत्या पानावर होता, शेजारी कोणता फोटो होता, पाठीवर काय आहे, ही माहिती स्कॅनच्या स्वच्छतेपेक्षा मोलाची. स्कॅन पुन्हा करता येतो. उपसलेलं पान पुन्हा लागत नाही.

म्हणून स्कॅनर लावायच्या आधी वही घातली. प्रत्येक घराला एक क्रमांक, त्या घराचं एक मोठं खाकी पाकीट, देताना मोजून सही, परत घेताना मोजून सही. पोरांना हा कारभार जरा जास्तच ऑफिसी वाटला. पण गल्लीत घरोघरी फोटो मागायला गेलं की पहिला प्रश्न हाच येतो, "परत मिळणार का?" छापील पावती हातात पडली की सासूबाई ट्रंक उघडतात. तीन-साडेतीन हजार फोटो जमले ते त्या पावतीच्या जोरावर, असं मी अजून म्हणते.

अल्बम आला की फोटो काढण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर एक फोटो घ्यायचा. मग पानावरचे फोटो एकेक करून बाहेर. काळ्या पानांचे जुने अल्बम याबाबत सज्जन असतात. चारही बाजूंना कागदी कोपरे, मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पारदर्शक कागद. फोटो हलकेच वाकवला की सुटतो आणि त्याच कोपऱ्यांत परत बसतो. नंतरच्या काळातले चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले अल्बम मात्र वैरी. त्यांचा डिंक पिवळा पडून फोटोच्या पाठीला धरून बसलेला असतो. तिथं नखानं किंवा ब्लेडनं उचकटायचं नाही. डेंटल फ्लॉस, म्हणजे दात साफ करायचा मेणाचा दोरा, दोन्ही हातांत ताणून फोटोच्या मागून एका कोपऱ्याकडून दुसऱ्या कोपऱ्याकडे करवतीसारखा सरकवत न्यायचा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, डिंक मऊ पडतो, दोरा बरा चालतो. जे फोटो तरीही सुटले नाहीत ते पानासकट काचेवर ठेवले. फ्रेमच्या काचेला चिकटलेल्या फोटोंचंही तेच: काचेसकट स्कॅन. ओढून काढला तर चेहरा काचेवर राहतो.

स्कॅनरबद्दल थोडं. ऑफिसातला पातळ, हलका फ्लॅटबेड, म्हणजे काचेवर ठेवून स्कॅन करायचा, मी आधी लावून बघितला. तो कागदाला उत्तम, पण त्यातला सेन्सर काचेला अगदी खेटून असतो, त्यामुळं काचेला टेकलेलं तेवढंच स्पष्ट दिसतं. जुने फोटो टेकतात कुठं? आपली हवा कोरडी, वर्षानुवर्षं कपाटात पडून कडा आत वळलेल्या. मधला भाग धारदार आणि कडेचे लोक धूसर, असा प्रकार होऊ लागला. जाड, जुन्या पद्धतीच्या सीसीडी स्कॅनरमध्ये आरसे आणि भिंग असतं, तो काचेपासून थोडं वर उचललेलंही नीट पकडतो. वर्गणीतून तसा एक सेकंडहँड घेतला. फार वळलेले फोटो दोन स्वच्छ कागदांत घालून वजनाखाली काही दिवस ठेवले. हातानं उलटं वाकवून सरळ करायला जाऊ नये, वरच्या थराला तडे जातात.

आता काचेचा हिशेब. ए फोर आकाराच्या काचेवर चार बाय सहा इंचांचे चार फोटो बसतील असं सगळ्यांना वाटतं. बसत नाहीत. दोन शेजारी उभे ठेवले तर रुंदी कशीबशी पुरते, पण खाली आणखी दोन उभे लावायला लांबी थोडक्यात कमी पडते. मग खाली एक आडवा, म्हणजे एका वेळी तीन. साडेतीन बाय पाचचे मात्र चार छान मावतात. म्हणून घराचं पाकीट उघडलं की आधी आकारांप्रमाणे लावायचे, पण त्याआधी प्रत्येकाच्या पाठीवर क्रमांक पडलेला हवा. तोही मऊ पेन्सिलीनं, अगदी कडेला, फोटो सपाट टेबलावर ठेवून. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. चकचकीत प्लास्टिकसारख्या पाठीवर पेन्सिल उठत नाही, तिथं फोटो एका छोट्या पाकिटात घालून क्रमांक पाकिटावर.

किती डीपीआय, यावर माझ्या भाच्याचं आणि माझं वाजलं. तो म्हणे १२०० ठेव, एकदाच काय ते होऊ दे. चार बाय सहाचा फोटो ६०० डीपीआयला २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो, टिफ फाइल, म्हणजे काहीही न गाळता साठवलेली मूळ प्रत, साधारण पंचवीस एमबी. १२०० केलं की चौपट, शंभरच्या वर, आणि वेळही त्या प्रमाणात. दुकानातून धुऊन आलेल्या रंगीत प्रिंटमध्ये मुळात तेवढा बारकावा नसतो. १२०० ला तुम्ही कागदाचा पोत मोजत बसता. अपवाद एकच ठेवला. आग्फा क्लिक थ्री नावाचा साधा कॅमेरा त्या काळी बऱ्याच घरांत होता. १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो, आणि पैसे वाचवायला लोक मोठे प्रिंट न करता निगेटिव्हच्याच आकाराचे कॉन्टॅक्ट प्रिंट करून घेत. सव्वादोन इंचाचा तो चौकोन हातात घेतला तर काही दिसत नाही. १२०० ला स्कॅन केला आणि तालमीच्या दारावरची पाटी वाचता आली. भाचा खूश, मीही खूश.

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधल्या "आपोआप सुधारणा" मात्र सगळ्या बंद. आपोआप रंग, आपोआप धार, आपोआप कातर. कातर तर हमखास पांढऱ्या बॉर्डरला आत चावते, आणि जुन्या फोटोंच्या नागमोडी कडा म्हणजे काळाचा पुरावा आहे. पातळ कागदाच्या फोटोमागं काळा कार्ड पेपर ठेवला की पाठीमागचं लिखाण पुढं झिरपून दिसत नाही, पांढरी कडही स्पष्ट कळते. धूळ काढायची म्हणून जी इन्फ्रारेड सोय जाहिरातीत सांगतात ती रंगीत निगेटिव्हसाठी आहे, कागदी फोटोला तिचा उपयोग नाही. इथं रबरी ब्लोअर, मऊ ब्रश आणि मायक्रोफायबर कापड, एवढंच. काच पुसायचं द्रव कापडावर घ्यायचं. काचेवर फवारलं की कडेनं आत शिरतं.

धूळ आमच्याकडे दोन प्रकारची. एक नेहमीची. दुसरी शहराच्या पूर्व भागातल्या घरांतून आलेल्या फोटोंवरची. खाली यंत्रमाग आणि वर माणसं, अशा घरात सुताचा भुरा सगळीकडे असतो, तसा अल्बमच्या पानापानातही. ही पांढरी लव ब्रशनं उडते आणि फिरून काचेवरच येऊन बसते. शेवटी मी पंखा बंद करून काम करायला लागले. एप्रिलात, सोलापुरात, पंखा बंद. वीज जायची तेव्हा कामही थांबायचं आणि मला कोणी बोलायचं नाही, एवढाच काय तो फायदा.

लग्नाच्या अल्बमांनी फार वेळ खाल्ला. त्या काळी स्टुडिओवाले हौसेनं सिल्क फिनिशचा पेपर वापरत. हातात छान लागतो, बोटांचे ठसेही दिसत नाहीत. स्कॅनरचा दिवा एका बाजूनं पडतो आणि त्या कागदाचा प्रत्येक उंचवटा चमकतो. नवरा-नवरी मधमाशांच्या पोळ्याच्या मागं उभी असल्यासारखी दिसतात. यावर दोन उपाय आहेत. तोच फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटा फिरवून स्कॅन करायचा आणि दोन्ही एकावर एक ठेवून सरासरी काढायची. चमक बरीच मारली जाते. किंवा स्कॅनरचा नाद सोडून कॅमेरा स्टँडवर लावायचा आणि दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावरून, तिरकस, सारखे दिवे टाकायचे. आम्ही दुसरा धरला. रिंगलाइट मात्र नको, तिचं वर्तुळ थेट फोटोत उमटतं.

खरी गंमत फोटोच्या पाठीवर होती. काहीही झालं तरी पाठ स्कॅन करायची, हा नियम मी कोणालाही मोडू दिला नाही. कोरी दिसली तरी नीट उजेडात धरून बघायची. स्टुडिओचा शिक्का असतो. त्या शिक्क्यात ४१३ नं सुरू होणारा पिन कोड असला की फोटो १९७२ नंतरचा, कारण पिन कोडच त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला आले. नसला म्हणून आधीचा असं मात्र धरता येत नाही, शिक्के वर्षानुवर्षं तेच चालायचे. रंगीत कागदाच्या पाठीवर कोडॅक, कोनिका अशी फिकट अक्षरं असतात. कोणी मराठीत नावं लिहिलेली, कोणी मोडक्या इंग्रजीत, आणि काही पाठींवर तेलुगू आणि कन्नड. आमच्या गल्लीत हे नवीन नाही. पण वेबसाइटसाठी ती अक्षरं लावून घ्यायची म्हणजे प्रत्येक वेळी कोणाच्या तरी ओसरीवर जाऊन बसणं आलं. तेलुगू बोलणाऱ्या एका घरच्या आजी पाठ वाचायच्या आणि सूनबाई मला मराठीत सांगायच्या. एका पाठीवर फोटोबद्दल काहीच नव्हतं, किराणा सामानाची उधारी होती. आजींनी ती मोठ्यानं वाचून दाखवली, शेंगदाणे, गूळ, रॉकेल, आणि म्हणाल्या, ही दिलेली आहे. आम्ही तीही स्कॅन केली.

फोटो कोणत्या वर्षाचा हे ठरवणं हा तर वेगळाच उद्योग झाला. गणपतीचे फोटो त्यातल्या त्यात सोपे, कारण देखावा स्वतःच वर्ष सांगतो. एका फोटोत बाप्पा चंद्रावर आहेत, मागं पुठ्ठ्याचं यान, दोन पोरं डोक्यावर चंदेरी कागदाची शिरस्त्राणं घालून उभी. माणूस चंद्रावर उतरला जुलै १९६९ मध्ये, तेव्हा हा बहुधा त्याच सप्टेंबरातला गणपती. दुसऱ्यात मखरावर कपिलदेव आणि विश्वचषक, म्हणजे १९८३. रस्त्यावरचे फोटो असतील तर मागं बघायचं. पाटीवर नुसती नगरपालिका आहे की महानगरपालिका? महापालिका झाली १९६४ ला. गाडीच्या नंबरप्लेटवर एमएच-१३ दिसला की १९८९ च्या अलीकडचं. हिरो होंडा दिसली की १९८५ च्या नंतरचं.

गड्ड्याच्या फोटोंनी मात्र घाम काढला. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात, ते धरणारे सगळे पांढऱ्या बाराबंदीत. साठ वर्षांपूर्वीही बाराबंदी, आजही बाराबंदी. तोच रस्ता, संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याला तशीच गर्दी, तीच मान वर करून बघणारी माणसं. नंदीध्वज धरणाऱ्याकडे कितीही वेळ बघा, वर्ष कळणार नाही. मग लक्षात आलं की गर्दीकडे बघायचं. मिरवणुकीत वेळ थांबलेला असतो, बघ्यांमध्ये तो पळत असतो. बेलबॉटम, शर्टाची लांबलचक कॉलर, चष्म्याच्या काड्या, कडेवरच्या पोराचं टोपडं, मागच्या भिंतीवरचं पोस्टर. होम मैदानावरच्या फोटोंत पाळणे आणि दुकानांचे फलक. अशा तऱ्हेनं दशकापर्यंत तरी पोचता येतं, आणि मी तेवढ्यावरच थांबायची. वेबसाइटवर "१९७० चे दशक, अंदाजे" असंच लिहिलंय. पोरांना नेमकं वर्ष हवं असायचं, "टाका की ताई १९७४, कोण बघतंय." एकदा चुकीचं वर्ष इंटरनेटवर गेलं की पुढच्या पिढीत तेच पुरावा म्हणून परत येतं, आणि मग वर्तमानपत्रातही छापलं जातं.

कॅमेऱ्यानं कोपऱ्यात छापलेल्या नारिंगी तारखांवर तर अजिबात विश्वास ठेवू नये. आमच्याकडे गड्ड्याचे असे फोटो आहेत ज्यांच्यावर ऑगस्टची तारीख आहे. गड्डा जानेवारीतच भरतो. बॅटरी बदलल्यावर तारीख लावायचा कंटाळा केलेला, दुसरं काय.

नावं लावायला म्हाताऱ्यांची बैठक भरवली. तालमीतल्या मोठ्या टीव्हीला लॅपटॉप जोडला, चहा सांगितला आणि एकेक फोटो पुढं सरकवत गेलो. पहिल्या बैठकीत नुसता गोंधळ. दहा जण एकदम बोलायचे, कोणीतरी एखाद्याच्या लग्नातला जुना मानापमान उकरून काढायचा. मग चौघंच बोलवायला लागलो आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू ठेवलं. लेझमीचा एक फोटो आहे, सगळे हललेले, चेहऱ्यांच्या जागी नुसते पांढरे फराटे. मी तो "ओळखता येत नाही" या खात्यात टाकला होता. एक आजोबा खुर्चीतून उठून टीव्हीच्या जवळ गेले, एका फराट्यावर बोट ठेवलं. "हे डावखुरं हाय. आमच्यात डावखुरं एकच होतं, वस्ताद त्याला रोज शिव्या घालायचा." मग त्याच्या शेजारी कायम कोण असायचं, त्याच्या मागं कोण, असं करत रांगेतल्या सहा-सात जणांची नावं लागली. चेहरा एकाचाही दिसत नाही त्यात. शेजारी बसलेले दुसरे म्हणाले, "काय सांगलालास बे, त्या वर्षी तो मिलच्या रात्रपाळीला होता." त्यावर बराच वेळ वाजलं. मी दोघांचंही म्हणणं टिपणात लिहून ठेवलं. त्या दोघांत निवाडा करायला मी कोण?

काही फोटो स्कॅन केले पण वेबसाइटवर टाकले नाहीत. पूर्वी घरातलं मोठं माणूस गेलं की स्टुडिओवाल्याला बोलावून त्याला खुर्चीत बसवून, हार घालून, सगळं घर भोवती उभं करून फोटो काढत. बऱ्याच घरांत त्या माणसाचा तेवढाच एक फोटो असतो. असे फोटो त्या घरच्या पेन ड्राइव्हमध्ये दिले, बाहेर नाही. पोरांपैकी एकाचं म्हणणं होतं की हाच खरा इतिहास आहे. असेल. पण घरच्यांनी दिला तो परत मिळेल या भरवशावर, जगाला दाखवायला नव्हे. बाकी फोटोंसाठी पावतीवरच दोन ओळी छापल्या: वेबसाइटवर टाकायला आमची हरकत नाही, आणि नंतर नको वाटलं तर कळवल्यावर काढून टाकावा. मोडलेल्या लग्नांचे फोटो असे निघाले, आणि ते कारण न विचारता काढले. हक्काचा प्रश्न एका वकील शेजाऱ्यांना विचारला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा काही करार नसेल तर, तो काढून घेणारा असतो. त्यामुळं लग्नाच्या आणि घरच्या फोटोंबाबत घरच्यांची संमती पुरेशी धरली. स्टुडिओवाल्यानं स्वतःच्या मनानं काढलेले मिरवणुकीचे फोटो वेगळे, तिथं त्यांच्या मुलांना विचारलं.

निगेटिव्ह मिळाली असती तर निम्मं काम हलकं झालं असतं. नवी पेठेत पूर्वी स्टुडिओ चालवलेल्या एका गृहस्थांकडे अण्णा मला घेऊन गेले. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू पेपर, डेव्हलपरचा वास, लाल दिव्याखालच्या रात्री, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. आणि निगेटिव्ह? पोतीच्या पोती होती, त्यातली चांदी काढणाऱ्याला वजनावर दिली. ते हे इतक्या सहज म्हणाले की अण्णा चहा पिता पिता थांबलेच.

पोरांनी मध्येच काळ्या-पांढऱ्या फोटोंना रंग भरणारं एक ॲप लावलं. बाराबंदी फिकट निळी आणि एका पैलवानाचा लंगोट गुलाबी. त्या रात्री तालमीच्या ग्रुपवर जे काही चाललं त्यानंतर रंग भरायचा विषय आपोआप मिटला. मी एवढंच ठरवलं की मूळ टिफला कोणी हात लावायचा नाही. लालसर पडलेले सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो, ज्यांतला निळसर रंग आधी उडतो, ते वेबच्या प्रतीत थोडे सावरून घेतले. ओरखडे तसेच ठेवले.

उरलेलं यंत्राचं काम फार सांगण्यासारखं नाही. वेबसाइटसाठी लांब बाजू १६०० पिक्सेल, जेपेग, रंग एसआरजीबी या वेबवरच्या नेहमीच्या पद्धतीत. इरफानव्ह्यू या प्रोग्राममध्ये एका झटक्यात शेकडो फाइली बदलता येतात. फाइलींना नावं नुसत्या क्रमांकांची आणि इंग्रजी आकड्यांत, घर-पान-फोटो अशी. देवनागरीत नाव दिलं तर वेबसाइटच्या पत्त्यात प्रत्येक अक्षरचिन्हाची नऊ चिन्हं होतात. नुसतं "गड्डा" लिहिलं तरी पंचेचाळीस. मराठी सगळं फोटोखालच्या ओळीत आणि फाइलीच्या आतल्या माहितीत घातलं. ती आतली माहिती महत्त्वाची, कारण फाइल वेबसाइटवरून सुटून कुठंही गेली तरी तिच्यासोबत राहते. निदान व्हॉट्सॲपवर पडेपर्यंत, तिथं ती पुसली जाते. स्कॅनर स्वतःची तारीख घालतो, ती एक्झिफटूल या प्रोग्रामनं बदलून घ्यावी लागते. नाहीतर १९६९ चा गणपती यंदाचा म्हणून रांगेत शेवटी येऊन बसतो.

फोटो परत करायला गेले तेव्हा कितीतरी घरांनी घ्यायला नकोच म्हटलं. "आता कॉम्प्युटरवर आहेत की, ठेवा तुम्हीच. इथं कसर लागते नुसती." एका घरी तर थेट सांगितलं, भंगारात गेले तरी चालेल. मी ते पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवून, मोजून, सही घेऊनच उठले. आपण स्कॅन केला तो कागद पन्नास-साठ वर्षं कसलीही देखभाल न करता ट्रंकेत टिकला होता. आमची हार्ड डिस्क पाच वर्षांनी चालू होईलच असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. म्हणून तीन प्रती ठेवल्यात. एक तालमीच्या कपाटात, एक माझ्या घरी, तिसरी पुण्याला भाच्याकडे. कागदाला कसर लागू नये म्हणून प्रत्येक घरी एकच सांगितलं: प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, लोखंडी पेटीत, जमिनीपासून वर, खाकी पाकिटातच राहू द्या, आणि पाकिटावरचा आमचा क्रमांक खोडू नका. उद्या कोणाला नाव आठवलं तर नुसता तो क्रमांक कळवला तरी चालतो. तसे फोन येतात अधूनमधून, बहुतेक जेवणाच्या वेळी.